शंभर रुपयांचा हिशेब

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवून दिला आहे. गेली चोवीस वर्षं मी जळगावात संगणक विक्री-दुरुस्तीचं दुकान चालवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या ग्रुपवर डॉक्टर झालेल्या मित्राला जसे तुम्ही रक्तदाबाचे रिपोर्ट पाठवता, तसा मला एक प्रश्न पाठवता. महिन्यातून दोनदा तरी येतो. "मुलगा गेमिंग पीसी मागतोय, काय करू?" हल्ली मुलीही मागतात, हे आधी सांगून ठेवतो. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून आज एकदाच सगळ्यांना सांगतो.

सुरुवातीला आपल्याच बॅचमधल्या एका मित्राची हकीकत सांगतो. त्याची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगणार नाही. ओळखलंत तरी गप्प बसा.

मुलगा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला. बापाने शब्द दिला होता. कापसाचे पैसे आले तेव्हा बेचाळीस हजार रुपये बाजूला काढले आणि शहरातल्या एका दुकानातून 'गेमिंग पीसी' आणला. काचेचं कॅबिनेट, आत सात रंगांचे दिवे. बिलावर लिहिलं होतं: आय-सेव्हन प्रोसेसर, 16 जीबी रॅम, 4 जीबी ग्राफिक्स कार्ड. पंधरा दिवसांत मुलगा म्हणायला लागला, गेम अडकतो. बाप म्हणाला, "बेचाळीस हजार मोजलेत, अजून काय पाहिजे तुला?" मुलगा म्हणाला, "पप्पा, तुम्हाला यातलं काही कळत नाही." घरात दोघांची बोलचाल बंद झाली. शेवटी वहिनींनी मला फोन केला.

मी झाकण उघडलं. प्रोसेसर होता आय-सेव्हन 3770. तो 2012 साली बाजारात आला. रॅम त्या काळची डीडीआर-थ्री. ग्राफिक्स कार्ड जीटी 730, म्हणजे 2014 सालचं आणि तेव्हाही सगळ्यात खालच्या पायरीवरचं. एसएमपीएस हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. आता गंमत बघा, बिलातला एकही शब्द खोटा नव्हता. आय-सेव्हन होता, 16 जीबी होती, 4 जीबी कार्ड होतं. मुलगा खरं बोलत होता, बापानेही पैसे खरेच मोजले होते. आणि तरीही घरात आलेलं यंत्र बारा-तेरा वर्षं जुनं होतं.

म्हणून पहिली गोष्ट. 'आय-सेव्हन' हे नाव म्हणजे इयत्ता नव्हे, तुकडी आहे. आपल्या शाळेत 'अ' तुकडी होती, पण पाचवी 'अ' आणि दहावी 'अ' यांत फरक होता की नाही? इयत्ता पुढच्या आकड्यात असते. 3770 म्हणजे तिसरी पिढी. आय-थ्री 12100 म्हणजे बारावी पिढी, 2022 सालची. दोन्हींत चार कोअर, आठ थ्रेड. कागदावर सारखेच दिसतात, पण बाराव्या पिढीचा आय-थ्री त्या जुन्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज 11 साठी इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो, आणि विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. म्हणजे त्या पोराच्या यंत्राला पुढचा रस्ताच नव्हता.

आता आत काय काय असतं ते सांगतो. काल रात्री आपण भरीत खाल्लं. त्यावरूनच समजून घेऊ.

प्रोसेसर म्हणजे आपला आचारी. काय आधी, काय नंतर, मीठ किती, हे तो ठरवतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे भाजलेली वांगी सोलायला बसलेली ती चाळीस-पन्नास माणसं. काम सोपं, एकसारखं, पण सगळ्यांनी एकाच वेळी करायचं. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका रंगवणं हे असंच काम आहे. रॅम म्हणजे आचाऱ्यासमोरचं टेबल. हाताशी लागणाऱ्या वस्तू त्यावर. एसएसडी म्हणजे कोठीघर. टेबल लहान असेल तर आचारी सारखा कोठीघराकडे पळतो, आणि पंगत थांबते. आपल्या मित्राच्या मुलाकडे आचारी म्हातारा होता आणि वांगी सोलायला चारच माणसं होती. बाकी मांडवाला रोषणाई मात्र जोरदार.

मग कमी पैशात चांगलं यंत्र जुळवायचं कसं? मी मुलांना आधी दोन याद्या करायला लावतो. पहिली यादी, कुठले गेम खेळणार. दुसरी, त्याशिवाय यावर काय करणार. हा मुलगा खेळत होता वॅलोरंट, माइनक्राफ्ट आणि जीटीए फाइव्ह. यांतला एकही गेम अगदी भारी यंत्र मागणारा नाही. दुसऱ्या यादीत होतं: ऑनलाइन क्लास, पायथन शिकायचं, ब्लेंडरमध्ये ॲनिमेशन करून बघायचं, आणि गेम चालू असताना रेकॉर्डिंग करत मित्रांशी बोलायचं. बापाला ही दुसरी यादी माहीतच नव्हती. तो कागद त्याने दोनदा वाचला.

नंतर मी शंभर रुपयांचा हिशेब मांडतो. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस बाजूला ठेवा. उरलेल्या यंत्रावर तुम्ही शंभर रुपये खर्च करणार असाल, तर गेमिंगसाठी माझी विभागणी अशी: ग्राफिक्स कार्ड 38, प्रोसेसर 19, मदरबोर्ड 15, रॅम आणि एसएसडी मिळून 15, एसएमपीएस 8, कॅबिनेट 5. भाव आज एक आणि उद्या एक असतात. दुकानदाराने दिलेल्या कोटेशनमध्ये कॅबिनेट आणि दिव्यांना पंधरा रुपये आणि एसएमपीएसला दोन दिसले, की उठून पुढच्या दुकानात जा. माझं दुकान असलं तरी.

मॉनिटर आधी ठरवा, कारण कार्ड किती मोठं लागणार ते त्यावर ठरतं. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके असतात. फोर-केच्या पडद्यावर बरोबर त्याच्या चौपट. म्हणजे वांगी सोलायला माणसंही तेवढी जास्त पाहिजेत. बजेट तंग असेल तर 1080 वरच थांबा, आणि हर्ट्झकडे बघा. साठ हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर सुमारे 16.7 मिलिसेकंदांनी. 144 हर्ट्झचा सुमारे 7 मिलिसेकंदांनी. वॅलोरंटसारख्या नेम धरायच्या खेळात हा फरक हाताला जाणवतो.

रॅमचं सांगायचं तर आज 8 जीबी पुरत नाही. 16 ला सुरुवात करा. आणि 16 ची एकच पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो. ज्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं नाही, त्यांच्यासाठी तर हे फारच महत्त्वाचं, कारण तिथे चित्रं रंगवायलाही हीच रॅम वापरली जाते. गेम, रेकॉर्डिंग, ब्राउझरच्या वीस खिडक्या असं सगळं एका वेळी चालवायचं तर सहा कोअरचा प्रोसेसर बघा. हार्ड डिस्क फक्त साठवणीला ठेवा. विंडोज आणि गेम एसएसडीवरच हवेत. चालू बाजारातली साधी एनव्हीएमई एसएसडीसुद्धा हार्ड डिस्कच्या कितीतरी पट वेगाने वाचते.

आता त्या घरी आम्ही काय केलं ते ऐका. बेचाळीस हजार गेलेच होते, दुकानदार परत घ्यायला तयार नव्हता. मित्राकडे एकदम पन्नास हजार काढायची सोय नव्हती. म्हणून दोन टप्पे केले. 2025 च्या जूनमध्ये पहिला टप्पा: रायझन 5 5600 जी प्रोसेसर, बी 550 मदरबोर्ड, आठ-आठच्या दोन रॅम, एनव्हीएमई एसएसडी, 550 वॅटचा चांगला एसएमपीएस आणि पुढून जाळी असलेलं साधं कॅबिनेट. साधारण बत्तीस हजार. या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स आहे, आणि ते त्या जुन्या वेगळ्या जीटी 730 कार्डापेक्षा चांगलं चालतं. वॅलोरंट पहिल्याच दिवशी व्यवस्थित चालला. दिवाळीनंतर दुसरा टप्पा: आरएक्स 6600 कार्ड, वीस हजारांच्या आसपास. एसएमपीएस आधीच पुरेसा घेतल्यामुळे फक्त कार्ड खाचेत बसवायचं होतं.

जाणकार म्हणतील, 5600 जी ऐवजी नुसता 5600 गेममध्ये थोडा वेगवान आहे. खरं आहे. त्याची कॅश मेमरी दुप्पट आहे. पण त्यात ग्राफिक्स नाही, कार्ड येईपर्यंत पडदा काळाच राहिला असता. हप्त्याहप्त्याने घर बांधणाऱ्याने आधी राहण्यापुरती खोली उभी करायची असते. इंटेल घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा: 12100 एफ असं शेवटी 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही. थोडे पैसे वाचतात, पण वेगळं कार्ड घ्यावंच लागतं.

पहिला टप्पा जूनमध्ये उरकला हे आमचं नशीब. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव असे चढले की माझ्या दुकानात लोक कोटेशन ऐकून हसायला लागले. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी आली आणि माल तिकडे वळला. अशा वेळी घाई नसेल तर थांबा, आणि जुनी डीडीआर-फोर रॅम चांगल्या स्थितीत असेल तर ती चालणारा मदरबोर्ड घ्या.

जुना माल म्हटला की लोक ग्राफिक्स कार्डांबद्दल विचारतात. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचं खनन करणं बंद झालं. त्यानंतर रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. सगळीच वाईट नसतात. पण स्वतःच्या डोळ्यांसमोर अर्धा तास भारी गेम चालवून, तापमान बघून, पंख्याचा आवाज ऐकूनच पैसे द्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर एका दुकानात ठरवू नका, तीन ठिकाणी विचारा, पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीला तो कागदच कामाला येतो.

आता विजेचं. आपले विज्ञानाचे सर समोर बसले आहेत. सर, तुम्ही पाठ करून घेतलेलं समीकरण मी रोज वापरतो: विद्युत शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा. एसएमपीएस हा यंत्रातला सगळ्यात दुर्लक्षित भाग, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात जास्त मार खातो. गावाकडे मोटारी चालू झाल्या की दाब पडतो, बंद झाल्या की उसळतो. स्वस्त एसएमपीएस जाताना एकटा जात नाही, मदरबोर्डालाही बरोबर नेतो. डब्यावर 'एटी प्लस' लिहिलेलं बघा. म्हणजे तो घेतलेल्या विजेपैकी किमान ऐंशी टक्के यंत्राला देतो. पण तेवढ्यावर जाऊ नका, कंपनीची वॉरंटी किती वर्षांची आहे तेही बघा. जी कंपनी पाच वर्षांची हमी देते, तिला आपल्या मालावर भरवसा असतो.

यूपीएस घेताना 600 व्हीए म्हणजे 600 वॅट समजू नका, त्यावर साधारण 360 वॅटच चालतात. ग्राफिक्स कार्डवालं यंत्र आणि मॉनिटर मिळून त्याच्या अगदी काठावर येतात. 1000 व्हीएचा घ्या, आणि तो काम सेव्ह करून बंद करण्यापुरता आहे हे मुलांना सांगा. थ्री-पिनची तिसरी पिन मोडून टू-पिनमध्ये खुपसू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घराचं अर्थिंग तपासा. आणि बिलाची भीती वाटणाऱ्यांसाठी: यंत्राने गेम खेळताना तीनशे वॅट घेतले आणि मूल रोज तीन तास बसलं, तर महिन्याला सत्तावीस युनिट होतात.

आपल्याकडचा उन्हाळा तर तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. पंखा आतल्या भागांना खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. 5600 जी 95 अंशांच्या जवळ गेला की स्वतःहून वेग कमी करतो, आणि मुलं म्हणतात, "काका, दुपारीच गेम अडकतो, रात्री नाही." म्हणून काच नको, जाळी घ्या. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका, आणि महिन्यातून एकदा मऊ ब्रशने धूळ काढा. कपाशीच्या दिवसांत तर जाळीवर रुई बसते, मी स्वतः काढली आहे.

जुळणी कोणी करायची? दुकानात माझा कारागीर तासाभरात करतो. त्या मुलाला मी म्हटलं, तूच कर, मी आणि तुझे पप्पा बघतो. घरच्या जेवणाच्या टेबलावर त्याने ती केली, सुट्टीचा अख्खा दिवस घालवून. आधी उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज काढली. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवला आणि तो न दाबता अलगद सोडला. बापाने मोबाइलचा टॉर्च धरला. स्क्रू मोजून वाटीत ठेवले. बटण दाबलं तर पंखे फिरले, पडदा काळाच. पोराचा चेहरा उतरला. मी काही बोललो नाही. त्याने मदरबोर्डचं पुस्तक काढलं, एक पान शोधलं, रॅमची पट्टी काढून परत बसवली, टक् असा आवाज येईपर्यंत. पडदा लागला. बाप म्हणाला, "मला वाटलं होतं, तू फक्त खेळतोस."

बिलातल्या आकड्यांनी त्या घराला फसवलं, कारण कोणालाच ते वाचता येत नव्हते. आता तो मुलगा ते वाचू शकतो. पैसा भरपूर असला की सगळ्यात महाग वस्तू घेऊन मोकळं होता येतं. पैसा कमी असला की हाच भाग का, याला उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर देता देता माणूस शिकतो. मुलाला यंत्र घेऊन द्यायचं की नाही, हा तुमच्या घरचा प्रश्न आहे. अभ्यासाचं काय, ही काळजी मलाही बाप म्हणून आहे. मी एवढंच सांगेन की डेस्कटॉप हॉलमध्ये ठेवता येतो, आणि मोबाइलसारखा पांघरुणात नेता येत नाही.

जाता जाता तीन छोट्या सूचना. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, मदरबोर्डाला नाही. नाहीतर वीस हजारांचं कार्ड आत नुसतं बसून राहतं. रॅम बहुतेकदा आपल्या पूर्ण वेगाने आपोआप चालत नाही, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करावं लागतं. आणि 144 हर्ट्झचा मॉनिटर घेतला तरी विंडोजच्या सेटिंगमध्ये तो बऱ्याचदा साठवरच असतो, तिथे जाऊन बदला.

त्या जुन्या आय-सेव्हनचं काय झालं, असं कोणीतरी विचारणारच. त्यात एक स्वस्त एसएसडी टाकली आणि लिनक्स बसवलं. धाकटी बहीण त्यावर टायपिंग शिकते, अभ्यासाचे व्हिडिओ बघते. त्या कामाला तो अजून पाच वर्षं हरकत नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या बॅचतर्फे शाळेला संगणक भेट द्यायचं काल ठरलं, वर्गणीही जमते आहे. मुख्याध्यापकांना आणि संयोजकांना माझं सांगणं आहे की त्यांतला एक तरी संगणक तयार न आणता सुट्या भागांत आणू. आपल्या कार्यानुभवाच्या तासाला आपण पाकिटं आणि खडू करत होतो. नववीच्या मुलामुलींनी त्याच तासाला हे यंत्र स्वतःच्या हाताने जुळवावं, आणि कुठल्या भागाला किती पैसे लागले तो हिशेब फळ्यावर लिहावा. पुढे त्यांच्या घरी कोणी बिल आणलं, तर ते वाचणारं एक तरी माणूस त्या घरात असेल. मजुरी मी घेणार नाही. तारीख बाईंनी ठरवावी, स्क्रू ड्रायव्हर मी घेऊन येतो.